हात पाठीमागे

चष्म्याच्या दुकानात पाऊल टाकलं आणि समोरच्या भिंतीवर मीच उभा होतो. यात खरं तर दचकण्यासारखं काही नव्हतं. हा फोटो मी शाळांच्या व्हरांड्यात पाहिलाय, पोलीस चौकीत पाहिलाय, आणि दातांच्या एका दवाखान्यात तर मी जबडा वासून पडलेलो असताना डॉक्टरांनी भिंतीवरच्या याच फोटोकडे बघत ‘केवढा हा संयम!’ म्हणत दाढ उपटली होती. मैदानाच्या कडेला मी कॅमेऱ्याला जरा तिरका उभा आहे, दंडावर कप्तानाची पट्टी, मान खाली, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. माझ्यामागे आमचे चार-पाच जण आकाशपाताळ एक करताहेत, एकाने तर बूट काढून हातात घेतलाय. आणि माझ्यापुढे, कॅमेऱ्याकडे पाठ करून, झेंडा घेतलेला लाइन्समन. खाली ओळ छापलेली : ‘कर्णधार असावा तर असा.’ हे सगळं मला तोंडपाठ आहे. दचकलो ते फोटोच्या खाली बघून. तिथे खिळ्याला खराखुरा झेंडा अडकवलेला होता, लाल-पिवळ्या चौकड्यांचा, मुठीपाशी घामाने काळा पडलेला. म्हणजे एकवीस वर्षं ज्या माणसाचं दुकान मी गल्ल्या बदलून टाळत आलो, त्याच्याच दुकानात आज आपल्या पायांनी चालत आलो होतो. दुकान जुन्या जागेवरून हललं होतं, पाटी बदलली होती, मला कोण सांगणार?

दोष माझ्या हातांचा. ते पुरेनात. सकाळी भाषणाचा कागद वाचायला घेतला तर अक्षरं मुंग्यांसारखी पळायला लागली. कागद लांब धरला, आणखी लांब धरला, शेवटी हातच संपले. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “आणखी लांब हवा असेल तर मी शेजारच्या बाल्कनीत धरून उभी राहते. अहो, डोळे तपासून या की. संध्याकाळी चारशे माणसांसमोर असा हात लांबवून वाचणार आहात का?” संध्याकाळी क्लबात समारंभ होता. मोसमात सगळ्यांत नीट वागणाऱ्या संघाला यापुढे एक ढाल मिळणार होती, तिला माझं नाव दिलं जाणार होतं, आणि मी तरुण खेळाडूंना कप्तानाने कसं वागावं यावर दोन शब्द सांगणार होतो. त्या दोन शब्दांचे मी सहा कागद लिहिले होते. माझा नेहमीचा चष्मेवाला गावाला गेलेला, म्हणून रस्त्यावरचं पहिलं दिसलेलं दुकान गाठलं. परत फिरावं म्हणून दाराच्या मुठीवर हात ठेवला, एवढ्यात आतून पांढऱ्या कोटातली एक मुलगी बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. “अगंबाई! कॅप्टन! तुम्ही खरंच तुम्हीच ना?” मी हो म्हटलं. नाही म्हणायची सोय कुठे होती? “बाबा मागे लेन्स कापताहेत, यंत्राच्या आवाजात त्यांना काही ऐकू येत नाही. नंतर बोलावते. त्या फोटोतली पाठ आमच्या बाबांची आहे, माहितीये तुम्हाला?” मी म्हटलं, माहीत आहे. माझे हात केव्हाच पाठीमागे गेले होते.

तिने मला आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवलं. हनुवटी इथे टेकवा, कपाळ त्या पट्टीला लावा, हलू नका. हलू नका म्हणजे मला पर्वणीच, मी एकवीस वर्षं हललेलो नाही. फोटो छापून आला त्या दिवसापासून लोक मला रांगेत पुढे सोडतात. पाणीपुरवठ्याच्या ज्या कचेरीत मी काम करतो तिथे भांडण घेऊन आलेला माणूस माझ्या टेबलापाशी येऊन गप्प होतो, कॅप्टनसमोर कसं ओरडायचं म्हणून. आणि मीही ओरडत नाही. मला गाडीचा भोंगा वाजवता येत नाही, भाजीवालीशी घासाघीस करता येत नाही, वरच्या मजल्यावरचा माणूस आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ओततो त्याला चार शब्द सुनवता येत नाहीत. एकदा सुनवायला गेलो, तर त्याने दार उघडताच मला आत बोलावून त्याच फोटोवर सही मागितली. बायको म्हणते, लग्न एका माणसाशी केलं आणि संसार पोस्टरशी झाला. स्वयंपाकघरात मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो की ती पोळी लाटता लाटता म्हणते, “हात पुढे घ्या, मी पंच नाही.” हे मी हसण्यावारी नेतो. पण रात्री कूस बदलताना कधीकधी जाणवतं, झोपेतही माझे हात पाठीमागेच असतात, आणि त्यांना मुंग्या आलेल्या असतात.

“आता बरं दिसतंय, की मघाचं बरं होतं?” मुलीने भिंग बदललं. समोर अक्षरं उजळली, मग विरघळली. “मघाचं,” मी म्हटलं. “आणि आता?” तिचा आवाज शांत होता, कामात बुडालेल्या माणसाचा असतो तसा. सत्तावीसेक वर्षांची असेल. एकवीस वजा केले तर सहा. मैदानाच्या कडेला दोरी बांधलेली असायची, त्या दोरीपाशी एक छोटी मुलगी पाण्याची बाटली आणि चित्रं रंगवायची वही घेऊन बसलेली असायची. आमचं फुटबॉल म्हणजे आठवडाभर पोटासाठी नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी मैदान. पंच आणि लाइन्समनही तसेच. हा लाइन्समन एरवी चष्मे विकायचा, आणि यावरून त्याची जी काही टर उडायची ती विचारू नका. झेंडा वर गेला की शंभर माणसं एका सुरात ओरडायची, चष्मा घाल! त्याची बायको पोर तान्ही असतानाच गेली, घरी कुणी नव्हतं, म्हणून तो तिला सामन्याला घेऊन यायचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मला तर नक्कीच माहीत होतं. “आता लाल भागातली अक्षरं गडद दिसतात की हिरव्या?” मला दोन्ही सारखीच पाणावलेली दिसत होती. ती म्हणाली, “डोळे मिचकावा. घाई नाही.”

मास्तरांनी मला कप्तान केलं तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि माझी जीभ कात्रीसारखी चालायची. मास्तर म्हणजे आमचे प्रशिक्षक, रेल्वेतून निवृत्त झालेले, शिटी गळ्यात घालूनच झोपत असावेत. त्यांचा संघात एक कायदा होता. पंचाशी फक्त कप्तान बोलेल, बाकी कुणी तोंड उघडलं तर मैदानाला दहा फेऱ्या. आणि कप्तान बोलेल तेव्हा तीन गोष्टी : हात पाठीमागे, मान खाली, आवाज बारीक. मैदानाच्या कोपऱ्यात पाण्याचा एक नळ होता. त्या नळाला पंच समजून मास्तर माझ्याकडून रोज तालीम करून घ्यायचे. मी नळासमोर हात बांधून, मान खाली घालून हळू आवाजात म्हणायचो, “साहेब, जरा बघता का?” नळ ठिबकायचा. बाकीचे पोट धरून हसायचे. पण चार वर्षांत ते अंगात इतकं मुरलं की लांबून शिटी ऐकली तरी माझे हात आपोआप मागे जायचे. तीन नियम. मास्तर तिथेच थांबले. शब्दांबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांना वाटलं असेल, हात, मान आणि आवाज ताब्यात आले की शब्द कुठे जातात?

अंतिम सामना, शेवटची दोन मिनिटं, बरोबरी. आमच्या डाव्या कडेच्या पोराने चेंडू असा काढून दिला की मी फक्त पाय लावला. जाळी हलली. मी वळलो तर झेंडा वर. ऑफसाइड. म्हणजे चेंडू सुटला त्या क्षणी मी त्यांच्या शेवटच्या बचाववाल्याच्या पुढे उभा होतो, असं त्याचं म्हणणं. मी नव्हतो. माझ्या डाव्या खांद्याला त्या बचाववाल्याच्या घामाचा ओलावा लागलेला होता, इतका लगटून तो माझ्या पुढे होता. मागून आमचे सगळे धावत सुटले. मी त्यांना हाताने अडवलं, एकटा पुढे गेलो, लाइन्समनसमोर उभा राहिलो. हात पाठीमागे. मान खाली. आवाज बारीक, ओठसुद्धा हलले नाहीत. आणि म्हणालो, “त्या दोरीपाशी बसलेली पोरगी तुझीच आहे का, ते तरी दिसतं का तुला? की तिथेही दुसऱ्याच कुणाचा गोल?” बस्स. एवढंच. त्याच वेळी कुणीतरी फोटो काढला. पुढच्या मिनिटाला त्यांनी गोल केला, आम्ही हरलो, आणि दुसऱ्या दिवशी मी आदर्श झालो. मास्तरांनी पेपर हातात धरून मला मिठी मारली आणि ते रडले. म्हणाले, “नळ कामाला आला रे.” ते जाईपर्यंत मी त्यांना सांगितलं नाही. बायकोलाही नाही. पहिले सहा महिने वाट बघत होतो, लाइन्समनच्या अहवालात ते वाक्य येईल, बोलावणं येईल, बंदी येईल. काहीच आलं नाही. न येण्याचीच मग सवय झाली. पण लोकांनी मान दिला की दर वेळी ते वाक्य मला माझ्याच बारीक आवाजात ऐकू येतं. आणि ज्या मुलीबद्दल ते बोललो होतो, ती आता माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर बसून, अगदी हळुवार हाताने माझ्या नाकावरची फ्रेम सरळ करत होती.

“जवळचाच नंबर आहे, दीड. काळजीचं काही नाही, वयच आहे,” ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. “सॉरी. म्हणजे सगळ्यांनाच होतं. लेन्स आहेत आपल्याकडे, अर्ध्या तासात बसवून देते. संध्याकाळच्या भाषणाला हवा ना? पेपरात वाचलं मी. बाबांना म्हटलंही, आपण जायचं का. ते नुसतेच हसले.” तिने आतल्या दाराकडे तोंड करून जोरात हाक मारली, “बाबा, कोण आलंय बघा तरी!” यंत्र थांबलं. मला वाटलं होतं तो मोडलेला असेल, वाकलेला असेल. उलट होतं. सत्तरीचा असेल, पण पाठ फोटोतल्यासारखीच, फूटपट्टी लावून आखल्यासारखी. त्याने एप्रनला हात पुसले, माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मुलीला म्हणाला, “तू फ्रेम बसवायला घे. यंत्र चालू ठेव.” ती आत गेली, यंत्राची घरघर पुन्हा सुरू झाली, आणि काउंटरच्या दोन बाजूंना आम्ही दोघं उरलो.

बोलायला तोंड उघडलं आणि सगळं एकदम निघालं. “साहेब, मी त्या दिवशी जे बोललो...” “आठवतंय मला,” तो म्हणाला. “चुकलो मी. फार घाण बोललो. एकवीस वर्षं झाली, यायला हवं होतं, आलो नाही. आज आलो तोही चुकून आलो, चष्म्यासाठी.” तो थोडा वेळ काउंटरवरची काच फडक्याने पुसत राहिला. आधीच लख्ख होती ती. “तुम्ही बोललात ते वाईटच होतं,” तो म्हणाला. “घरी गेलो, जेवलो नाही. अहवालाचा कागद पुढे घेतला. तुमचं वाक्य लिहायला बसलो, आणि लिहिता येईना. कारण ते लिहायचं तर माझंही लिहावं लागलं असतं.” “तुमचं काय?” त्याने आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तुमच्या पोराने चेंडू काढला ना, त्याच क्षणी हिची बाटली सांडली. वहीवर. ही ओरडली, बाबा! मी मान वळवली. एवढीशी. परत बघितलं तर तुम्ही पुढे, चेंडू हवेत. अंदाजाने झेंडा वर केला. पंचाने विचारलं, खात्री आहे? खात्री आहे म्हणालो.” फडकं थांबलं. “गोल होता तुमचा, कॅप्टन.”

मला राग यायला हवा होता. त्या एका झेंड्यापायी कप गेला, मास्तरांचं एकुलतं एक स्वप्न गेलं. मी रागाची वाट बघत उभा राहिलो, जुना पाहुणा यायचा म्हणून दार उघडून थांबावं तसा. तो आलाच नाही. त्याऐवजी छातीवरून काहीतरी सरकलं आणि मला चक्क हसू फुटलं. तोही हसायला लागला, आधी नाकातून, मग खांदे हलवत. “मुलीकडे बघितलं म्हणून चुकलो,” तो म्हणाला, “आणि तुम्ही शिवी दिलीत तीही मुलीवरूनच. मला वाटलं, याने बघितलंय सगळं. आता वर जाऊन सांगणार. वाट बघत बसलो बंदीची.” “तुम्हीही?” “सहा महिने,” तो म्हणाला. मी विचारलं, मग हा फोटो कशाला लावला? “मी कुठे लावला! मी कपाटात तोंड भिंतीकडे करून ठेवला होता. हिने शोधून काढला. म्हणाली, बाबा, किती छान उभे आहात तुम्ही दोघं. काय सांगणार होतो पोरीला?”

यंत्र केव्हा थांबलं होतं कोण जाणे. ती दारात उभी होती, हातात माझा चष्मा. “बाटलीचं ऐकलं मी. आणखी काय सांगायचं होतं मला?” तिने विचारलं. बापाने पुन्हा काच पुसायला घेतली. आता टोलवाटोलवी करता आली असती. मला सराव आहे. पण मी सांगितलं. वाक्य जसंच्या तसं सांगितलं, फक्त या वेळी ओठ हलवून. ती ऐकताना आधी माझ्याकडे बघत होती, मग फोटोकडे, मग पाण्याचा एक ग्लास काउंटरवर होता त्याच्याकडे. तिचा चेहरा उतरला. “सहा वर्षांची होते मी,” ती म्हणाली. “हो.” “चुकीचं बोललात.” “हो.” “बाबांची माफी मागितलीत?” मी म्हटलं, आत्ताच. “आणि माझी?” मी सरळ उभा राहिलो. हात मागे, मान खाली. तोंडातून शब्द निघणार एवढ्यात ती म्हणाली, “तसं नाही. हात पुढे घ्या. माणसासारखे उभे राहा.” हुबेहूब माझ्या बायकोचा सूर. मी हात पुढे घेतले. रिकामे हात पुढे घेऊन तिच्याकडे बघत माफी मागितली, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा मला माझा आवाज जरा मोठा वाटला. तिने नाक ओढलं, त्या हातांत चष्मा ठेवला. “घालून बघा. कानामागे टोचतोय का?” मग बापाकडे वळली. “म्हणजे बाटली मी सांडली म्हणून यांचा कप गेला?” बाप म्हणाला, “तू सहा वर्षांची होतीस.” “ते मघाशी सांगून झालंय,” ती म्हणाली आणि डोळे पुसता पुसता हसली. भिंतीवरचा फोटो उतरवायला तिने हात वर नेला. बाप म्हणाला, “राहू दे. पाठ माझी आहे.”

मी नवा चष्मा लावून फोटोजवळ गेलो. इतक्या जवळून तो मी कधीच पाहिला नव्हता. आणि बघतो तर काय, सगळं त्यात होतंच. माझ्या मानेवरची शीर तट्ट फुगलेली. जबडा आवळलेला. पाठीमागे बांधलेले हात बांधलेले नव्हतेच मुळी, उजव्या मुठीचं मनगट डाव्या हाताने करकचून धरून ठेवलं होतं. नीट बघणाऱ्याला कुणालाही कळलं असतं, हा माणूस काही बरं बोलत नाहीये. आणि ज्याला ते ऐकावं लागत होतं, तो झेंडा खाली धरून ताठ उभा होता, अर्धं पाऊलसुद्धा मागे न सरकता. मी म्हातारबुवांना म्हटलं, संध्याकाळी या. दोघंही या.

संध्याकाळी क्लबाचं सभागृह खच्चून भरलं होतं. मागच्या रांगांत आमचा जुना संघ बसला होता, पोटं सुटलेली, केस गेलेले, डाव्या कडेच्या त्या पोराला आता नातू झालाय. बायको पुढच्या रांगेत. चिटणीसांनी ढालीवरचं कापड काढलं, टाळ्या झाल्या, मला बोलावलं. मी चष्मा लावला. कागदावरची अक्षरं इतकी स्वच्छ दिसली की आपण काय काय लिहिलंय ते मला पहिल्यांदाच नीट कळलं. मान वर केली तर समोरची चारशे माणसं धूसर. जवळच्या चष्म्याचं हे असं असतं, कागद दिसतो आणि माणसं दिसत नाहीत. मी चष्मा काढून खिशात ठेवला. कागद घडी करून त्याच्यामागे ठेवले. मग समोर बघून सांगितलं. नळाची तालीम, तीन नियम, आणि मी त्या तिन्ही नियमांत राहून काय बोललो ते. शब्द मुलीच्या कानावर पुन्हा पडायला नकोत म्हणून ते तेवढे वगळले, पण एका बापाला त्याच्या पोरीवरून बोललो, एवढं सांगितलं. म्हणालो, त्या फोटोत नीट वागणारा माणूस आहे, पण तो पाठमोरा आहे. नाव द्यायचं तर ढालीला त्याचं द्या. चिटणीस शेजारून कुजबुजले, “अहो, कोरून झालंय!” बायको माझ्याकडे एकटक बघत होती. कुठल्यातरी नव्याच माणसाकडे बघावं तसं, आणि त्या बघण्यात राग नव्हता एवढं मला चष्म्याशिवायही दिसलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत एक हात वर गेला. कोपरात न वाकता, खांद्यापासून सरळ, झेंडा धरल्यासारखा. म्हातारा उभा राहिला, शेजारी मुलगी त्याच्या कोटाची बाही धरून. “माझंही ऐका,” तो म्हणाला. “मी त्या वेळी बघत नव्हतो. तो गोल होता.” क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग मागच्या रांगेतून आमचा गोलकीपर ओरडला, “काय म्हणाले?” आणि डाव्या कडेचा तो आजोबा झालेला पोरगा खुर्चीवर चढून किंचाळला, “गोल होता रे!” पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. खुर्च्या पडल्या, पोटं सुटलेली दहा माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळली, कुणी म्हाताऱ्याला मिठी मारली, कुणी त्याला चष्मा घाल म्हणून ओरडलं आणि तोच सगळ्यांत मोठ्याने हसला. तरुण खेळाडू आ वासून बघत होते. नीट वागण्याच्या समारंभात एवढा गोंधळ क्लबाने कधी पाहिला नव्हता. बायको नंतर म्हणाली, मी स्टेजवरून काहीबाही ओरडत होतो, आणि उड्या मारत होतो, माझ्या वयाला न शोभणाऱ्या. ओरडलो असेन, मला आठवत नाही. माझे दोन्ही हात वर होते, तेवढं आठवतंय.